पाव किलो तांब्यातली बहमनी

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या आधी अम्मीने घराची सफाई काढली. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, दादीमाच्या वेळचे पानदान, सगळे अंगणात आले. चिंच, मीठ आणि राख. मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर माझ्या टेबलावर एका ताटलीत चौदा नाणी लखलखत होती. अम्मी खूष होती. म्हणाली, "कित्ता मैल बैठा था रे उनपे! घिस-घिस के उंगल्यां दुख गये."

ती चौदा नाणी बहमनी सुलतानांची होती. पाचशे वर्षांत तांब्यावर जी तपकिरी-हिरवी साय धरते ती पार निघून गेली होती. सायीबरोबर दोन नाण्यांवरचे 'बिन हुमायून शाह' हे शब्दही गेले होते. मी अम्मीला काही बोललो नाही. रोजा होता, ती दमलेली होती, आणि चूक माझी होती. मी ती नाणी उघड्या डब्यात ठेवली होती. पण त्या रात्री तरावीहहून आल्यावर मी भिंग घेऊन बसलो तेव्हा कळले, की माझ्याकडची मुहम्मद शाहची दोन नाणी आता नुसत्या मुहम्मद शाहची झाली आहेत. कुठला मुहम्मद शाह ते ठरवणारा शब्दच गेला. बहमनी घराण्यात मुहम्मद नावाचे एकापेक्षा जास्त सुलतान होऊन गेले.

मी सोलापुरात एका उर्दू माध्यमिक शाळेत इतिहास आणि उर्दू शिकवतो. नाणी जमवायला लागलो त्याला आता बारा वर्षे होतील. नाणी जमवणे हा श्रीमंतांचा शौक आहे असे आपल्याकडे समजतात. ते अर्धेच खरे आहे. माझ्या संग्रहात सोन्याचे एकही नाणे नाही. चांदीची एकोणीस आहेत. बाकी सगळे तांबे. महिन्याला पाचशे रुपयांच्या वर या कामासाठी काढायचे नाहीत असा नियम मी लग्नाच्या वेळी स्वतःला घालून घेतला आणि दोनदाच मोडला. त्यातला एक प्रसंग पुढे सांगणार आहे.

सुरुवात भंगाराच्या ढिगापासून झाली. बी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. तीन वर्षे मानधनावर काढायची होती. आठवडी बाजारात एक भंगारवाले चाचा पोत्यावर तुटकी कुलुपे, नळाच्या तोट्या, समया, तांब्याच्या तारा मांडून बसत. एका पाटीत काळे-हिरवे तुकडे होते. मी एक उचलून पाहिला. वर मातीचा थर. नखाने खरवडला तर खाली 'महमूद' दिसले. फारसी-अरबी लिपीत, स्पष्ट. मी ज्या लिपीत रोज फळ्यावर लिहितो त्याच लिपीत.

"क्या देखरे मास्तर? सब डली है, गलाने कू जाती. पाव किलो लेव, डेढ़सौ देव."

दीडशे रुपये तेव्हा माझ्यासाठी कमी नव्हते. तरी घेतले. घरी आणून साध्या पाण्यात भिजत घातले, दोन दिवसांनी मऊ ब्रशने माती काढली. बावीस नाणी निघाली. सतरा बहमनी, तीन आदिलशाही, एक शिवराई, आणि एक इतके गुळगुळीत की ते कोणाचे हे सांगणे शक्य नाही. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. विजापूर आणि रायगड एकाच पाटीत पडलेले होते, आणि दोघांचा भाव एकच, तांब्याचा. बाजारात ही नाणी बरोबरच चालली, बरोबरच मातीत गेली आणि बरोबरच वितळणार होती.

आता हे सगळे वाचायचे कसे? लिपी येत होती, पण नाण्यावरचा मजकूर चिठ्ठीसारखा सरळ नसतो. अक्षरे एकावर एक रचलेली, 'बिन' चा नून एका कोपऱ्यात, 'सुलतान' चा अलिफ दुसऱ्या ओळीत घुसलेला. मुहम्मद अब्दुल वली खान यांनी १९६४ साली हैदराबादच्या सरकारी वस्तुसंग्रहालयातल्या बहमनी नाण्यांची सूची प्रसिद्ध केली. पुढे २००१ साली स्टॅन गोरन आणि जे. पी. गोयंका यांचा भारतीय सुलतानशाह्यांच्या नाण्यांवरचा मोठा ग्रंथ आला. दुसरा विकत घेणे मला आजही परवडत नाही. सुट्टीत ग्रंथालयात बसून मी दख्खनचा भाग वहीत उतरवून घेतला. त्या वहीला घरात 'अब्बाचे कुराणे-सिक्का' म्हणून माझा मोठा मुलगा चिडवायचा, मग त्याच्या आईने त्याला दटावले.

ती वही भरताना एक गोष्ट ध्यानात आली आणि माझा सगळा दृष्टिकोन बदलला. आपल्याला बहमनींचा इतिहास मुख्यतः फरिश्त्याकडून माहीत आहे. त्याने विजापुरात, दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या आश्रयाने, सतराव्या शतकाच्या आरंभी आपला ग्रंथ पुरा केला. त्या ग्रंथात १३७८ ते १३९७ या काळात राज्य करणाऱ्या बहमनी सुलतानाचे नाव तो महमूद देतो. त्यावरून कित्येक पुस्तकांत महमूदच छापले गेले. पण त्या सुलतानाच्या नाण्यांवर आणि शिलालेखांवर नाव आहे मुहम्मद. फरिश्ता दोनशे वर्षांनी लिहीत होता. टांकसाळीतला खोदकाम करणारा त्याच दिवशी, त्याच सुलतानाच्या हुकमाने अक्षर कोरत होता. एका वावच्या फरकाने एक बादशहा दुरुस्त झाला. हे काम नाण्याने केले.

इस्लामी परंपरेत खुत्बा आणि सिक्का ही राज्यकर्त्याची दोन निशाणे. जुम्याच्या खुत्ब्यात ज्याचे नाव घेतात आणि सिक्क्यावर ज्याचे नाव पाडतात तो सुलतान. उमय्या खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ मध्ये, दिनारावरून चित्रे काढून नुसता मजकूर ठेवला, तेव्हापासून आपली नाणी प्रामुख्याने वाचण्याची वस्तू झाली. त्यामुळे आपल्या नाण्यांची अवस्था ठरवण्याची रीतही वेगळी असायला हवी. व्यापारी 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रा फाइन' अशा पायऱ्या सांगतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ते ठीक आहे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर किती झीज झाली हे तिच्या गालावरून आणि केसांवरून कळते. बहमनी फलूस हातोड्याने पाडलेला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तांब्याची चकती. चकती लहान आणि ठसा मोठा. त्यामुळे नाणे टांकसाळीतून कोरे करकरीत बाहेर पडले तरी त्यावर मजकुराचा दोन तृतीयांश भागच असायचा. हातोडा तिरका पडला तर आणखी कमी. म्हणून झीज अजिबात नसलेले, पण सुलतानाचे नाव चकतीबाहेर गेलेले नाणे आणि चांगले झिजलेले, पण 'बिन' च्या पुढचे बापाचे नाव शाबूत असलेले नाणे समोर आले तर मी डोळे झाकून दुसरे घेतो. व्यापारी पहिल्याला जास्त पैसे मागतो. या त्याच्या-माझ्या हिशेबातल्या फरकावरच माझा संग्रह उभा आहे.

कोणते नाणे सहज मिळते आणि कोणते नाही, यालाही इतिहासात कारणे असतात. ती शोधण्यात मला नाणे मिळण्याइतकाच आनंद होतो. त्या पहिल्या सतरा बहमनी नाण्यांत नऊ महमूद शाहची होती. महमूद शाह १४८२ साली लहान वयात तख्तावर आला आणि १५१८ पर्यंत नावाला सुलतान राहिला. छत्तीस वर्षे. या काळात अहमदनगरला निजामशाही, विजापूरला आदिलशाही, वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली आणि खुद्द बीदरमध्ये सत्ता कासिम बरीदच्या आणि त्याच्या मुलाच्या हातात गेली. सुलतानाच्या हुकमात काही उरले नव्हते, पण त्याच्या नावाचे तांबे पडत राहिले. नाण्यावर तो स्वतःला 'अल् मुतवक्किल' म्हणवतो, अल्लाहवर भरोसा ठेवणारा. दुसऱ्या कोणावर ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हतीच! उलट हुमायून शाह, ज्याला इतिहास 'जालिम' म्हणून ओळखतो, त्याने १४५८ ते १४६१ अशी तीनच वर्षे राज्य केले. त्याचे नाणे मला सहा वर्षे शोधावे लागले. जालिम होता म्हणून त्याचे मोल वाढले असे नाही, लवकर गेला म्हणून वाढले.

अम्मीने घासलेली ती दोन नाणी हुमायूनच्या मुलाची, तिसऱ्या मुहम्मद शाहची. राज्यकाल १४६३ ते १४८२. हाच ख्वाजा महमूद गावानचा काळ. बीदरचा मदरसा त्याने १४७२ मध्ये बांधला आणि १४८१ मध्ये याच सुलतानाच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला, बनावट पत्रावर विश्वास ठेवून. त्या काळातला जाडजूड गणी हातात घेतला की पंधरा-सोळा ग्रॅमचे वजन जाणवते. गावानच्या मदरशाच्या गवंड्याला मजुरी अशाच तांब्यात मिळाली असेल, असे मी वर्गात सांगतो. मुलांना ते आवडते. हे मी अंदाजाने सांगतो आहे, असेही लगेच सांगतो.

चांदीचे बहमनी टंके साधारण अकरा ग्रॅमचे. तांब्याच्या मानाने फारच कमी मिळतात. त्याचे एक कारण फरिश्ता सांगतो. पहिल्या मुहम्मद शाहच्या (१३५८-१३७५) काळात विजयनगर आणि वरंगळच्या राजांच्या चिथावणीवरून सराफ बहमनी नाणी वितळवून टाकत, म्हणून सुलतानाने १३६० च्या सुमारास सराफांना कठोर शिक्षा केल्या आणि तो धंदा दिल्लीच्या फौजांबरोबर आलेल्या खत्रींकडे दिला, असे तो लिहितो. यातला चिथावणीचा आणि शिक्षेचा भाग अडीचशे वर्षांनी लिहिलेला आहे, तो जपूनच घ्यावा असे माझे मत. पण नाणी वितळत होती यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. चांगल्या चांदीचे नाणे वितळतेच. त्या सराफाने केले तेच आमचे भंगारवाले चाचा करत होते. तेही कोणाच्या चिथावणीने करत नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरण मुहम्मद बिन तुघलकाच्या टोकन नाण्यांचे. हिजरी ७३० ते ७३२, म्हणजे इ.स. १३२९ ते १३३२ या काळात त्याने पितळ-तांब्याचे नाणे काढून त्याला चांदीच्या टंक्याचे मोल द्या असा हुकूम केला. त्यावर 'जो सुलतानाचे ऐकतो तो रहमानचे ऐकतो' अशा अर्थाचा अरबी मजकूर आहे. जियाउद्दीन बरनी लिहितो, की घराघरांत टांकसाळी निघाल्या, आणि शेवटी सुलतानाने ती नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी दिली तेव्हा तुघलकाबादेत तांब्याचे डोंगर उभे राहिले. योजना फसली. म्हणूनच ते नाणे आज शिक्षकाच्या पगारात बसते. त्यातले काही दौलताबादच्या टांकसाळीचे आहे, नाण्यावर दौलताबादला 'तख्तगाह' म्हटले आहे. आपल्या मुलुखातून काही काळ हिंदुस्थानचा कारभार चालला याचा तो तळहातावर मावणारा पुरावा. माझ्याकडच्या नाण्यावर 'तख्तगाह' पूर्ण आहे, 'दौलताबाद' चे 'बाद' कापले गेले आहे. पूर्ण नाव असते तर तिप्पट पैसे पडले असते. 'बाद' मी मनाने वाचतो.

आदिलशाहीकडे येतो. यूसुफ आदिलखानाने १४९० मध्ये विजापुरात स्वतंत्र कारभार सुरू केला असे आपण शिकवतो, पण आदिलशहांच्या नावाचे तांबे मिळते ते पहिल्या अली आदिलशाहपासून (१५५८-१५८०). मधल्या पिढ्यांचे मिळत नाही. त्यानंतरचा दुसरा इब्राहीम (१५८०-१६२७). 'किताब-ए-नवरस' लिहिणारा, संगीतात बुडालेला, ज्याला लोक जगद्गुरू म्हणत. याच्या फलूसवर एका बाजूला तो स्वतःला अली मुर्तझाचा गुलाम म्हणवतो, आणि दुसऱ्या बाजूला आहे 'इब्राहीम अबला बली'. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा अडखळलो. अरबी कोशात शोधले, फारसी कोशात शोधले. मग एकदम डोक्यात आले, की हे शब्द तर मी मराठीच्या तासाला ऐकले आहेत. अबला आणि बली. दुर्बळांचा बळ. फारसी लिपीत कोरलेले देशी शब्द, विजापूरच्या सुलतानाच्या नाण्यावर! त्याच्याच घराण्यात पहिल्या इब्राहीमने (१५३४-१५५८) हिशेबाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली असे फरिश्ता सांगतो. आपण मुसलमान असून मराठीत कसे लिहितो, असा प्रश्न मला दोन्ही बाजूंचे लोक अधूनमधून विचारतात. त्यांना मी हे नाणे दाखवतो. साठ रुपयांना घेतले होते.

साठ रुपयांना मिळाले, कारण विकणाऱ्याला ते वाचता येत नव्हते. हे सांगताना थोडी लाजही वाटते. त्याच दुकानात बरी शिवराई कितीतरी चढ्या भावाने जाते. तिला गिऱ्हाईक आहे, ती शाळकरी पोरही वाचू शकते, आणि म्हणून तिच्या नकलाही निघतात. आदिलशाही फलूसची नक्कल कोणी करत नाही. ज्याला मागणीच नाही त्याची नक्कल कशाला? माझ्यासारख्या तुटपुंज्या खिशाच्या माणसाला ही सोय झाली. पण ही सोय आपल्याच लिपीच्या विस्मरणातून झालेली आहे, हे मी विसरू शकत नाही.

कोकणातल्या वाचकांना लारी ठाऊक असेल. केसांत खोवायच्या आकड्यासारखी वाकवलेली चांदीची तार, वजन पाच ग्रॅमच्या आसपास, दोन्ही अंगांना ठशाची पट्टी. नाव पडले इराणातल्या लार शहरावरून. आखातातून घोडे आले, खजूर आले, त्यांच्याबरोबर लारी आली, आणि मग दुसऱ्या अली आदिलशाहने (१६५६-१६७२) स्वतःच्या नावाने ती पाडली. तिच्यावर 'लारी' हा शब्दही कोरलेला असतो. एकोणिसाव्या शतकात संगमेश्वर भागात अशा लारींचा साठा सापडला होता. तार अरुंद असल्याने ठशाचा एक पट्टाच तिच्यावर उमटतो. एका लारीवर 'अली', दुसरीवर 'आदिल', तिसरीवर सालाचे दोन आकडे. वर्ष पूर्ण असलेली लारी महाग. माझ्याकडे तीन आहेत, तिघी मिळून एक वाक्य पुरे करतात. तिसरीवर १०७१ वाचता येते. मी ती आठवीच्या वर्गात नेली आणि हिशेब फळ्यावर घातला: हिजरी सालाला ०.९७ ने गुणा, त्यात ६२२ मिळवा. एका मुलीने माझ्या आधी उत्तर दिले, "सर, सोलासौ साठ के आखिर में." मग तिने विचारले, "ये सिक्का शिवाजी महाराज के जमाने का है?" होय, म्हटले, त्याच जमान्याचे. वर्गात कुजबुज झाली. त्या दिवशी तास संपल्यावर नाणे परत यायला वीस मिनिटे लागली, प्रत्येकाला हातात घेऊन वाचायचे होते.

आता नियम मोडल्याची गोष्ट. औरंगजेबाचा रुपया, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदी, हे मोगल चांदीतले सर्वांत सहज मिळणारे नाणे. पन्नास वर्षे राज्य, बंदरांतून आलेली चांदी आणि सुरतेसारखी अखंड चालणारी टांकसाळ. नाण्यावरून कलमा त्याने काढून टाकला, पायदळी किंवा नापाक जागी पडू नये म्हणून. त्या आधीच्या रुपयांवर कलमा आणि चार खलिफांची नावे असत. अशा चारयारी रुपयांना कड्या लावून लोक तावीज म्हणून गळ्यात घालत. कडी काढल्याची खूण राहिली की संग्राहक नाक मुरडतात. मला ती खूणही नाण्याचा इतिहासच वाटते, आणि किंमत उतरते ते वेगळे. असो. सुरतेचा रुपया माझ्याकडे होता. मला हवा होता 'शोलापूर' टांकसाळीचा. १६८५ मध्ये औरंगजेब विजापूर घ्यायला निघाला तेव्हा त्याची छावणी सोलापुरास पडली. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि नाण्यांवर ते 'दारुज़्ज़फ़र' झाले. फौजेला पगार द्यायचा तर चांदी फौजेजवळच पाडली पाहिजे, म्हणून दख्खनेत जागोजागी मोगल टांकसाळी दिसतात. शोलापूर त्यातली एक. माझ्या गावाचे नाव माझ्या लिपीत चांदीवर आहे हे कळल्यावर माझी झोप उडाली.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या नाणे प्रदर्शनात एका टेबलावर तो दिसला. 'शोला' पूर्ण, 'पूर' अर्धे, वर सराफांनी पारखताना मारलेले तीन ठप्पे. सुरतेच्या रुपयाच्या तिप्पट भाव. ठप्प्यांमुळे थोडा उतरला, तरी आठ महिन्यांचे माझे पाचशे-पाचशे एकदम गेले. बायकोला घरी येऊन सांगितले. ती नाणे उलटेपालटे करून म्हणाली, "सोलापूरला राहून सोलापूर विकत आणायला पुण्याला गेलात." पण मग तिनेच त्याला मखमलीचा तुकडा शिवला.

ठप्प्यांचे सांगायचे राहिले. पाडल्या वर्षी रुपया पूर्ण मोलाने चाले. वर्ष उलटले की सराफ त्यावर बट्टा कापत, आणि चांदी खरी की आत दुसरे काही हे पाहायला कडेला खूण मारत. तीन ठप्पे म्हणजे तो रुपया निदान तीन पारखींतून पार पडला. खोट्यांच्या बाजारात मला हा दाखला बरा वाटतो. खोटी किती आहेत विचारू नका. मक्का-मदिना आणि कलमा छापलेली पितळी टोकने 'खलिफांच्या काळातली' म्हणून आपल्याच मोहल्ल्यांत खपतात. ७८६ आकड्याची नोट लाखाला जाते म्हणून आलेले फोन तर प्रत्येकाने ऐकले असतील. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले होते. तरी माझ्या शेजारच्या एका बुजुर्गांनी 'नोंदणी फी' म्हणून पैसे भरलेच.

मराठवाड्यातल्या मित्रांसाठी एक ओळ: घरातल्या जुन्या पेटीत हाली सिक्क्याचा रुपया असेल तर चारमिनारच्या मधल्या कमानीत पाहा. मीम असेल तर तो महबूब अली खानांचा, ऐन असेल तर उस्मान अली खानांचा. हे नाणे अजून घरांत आहे, फुकट वाचता येते, विकू नका.

आणि आता दुसरा प्रसंग, जो मी आजवर कुठे लिहिला नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एक ट्रॅक्टरवाला एका ओळखीच्या दुकानात फडक्यात बांधून नाणी घेऊन आला. मी तिथे बसलो होतो. मडके फुटले होते म्हणाला, शेतात. शंभराच्या वर असतील. सगळी एकाच मातीची, एकाच हिरव्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली. वरच्या पाच-सहांवर मला कलीमुल्लाहचे नाव दिसले, शेवटच्या बहमनीचे, जो १५२५ ते १५२७ नावाचा सुलतान होता. कायदा मला माहीत होता. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो, की जमिनीत दहा रुपयांवरचे धन सापडले तर कलेक्टरला कळवायचे. कायद्याच्या पलीकडची गोष्टही माहीत होती: एका मडक्यातली नाणी एकत्र राहिली तरच ती बोलतात. सर्वांत शेवटचे नाणे कोणाचे, त्यावरून मडके कधी पुरले ते कळते. तेव्हा त्या शेतावर कोण होते, कशाला भिऊन पुरले, याचा माग लागतो. वेगळी झाली की प्रत्येक नाणे अनाथ.

मी त्याला तहसील कचेरीत जा म्हणायला हवे होते. मी म्हटलेही, पण हळू आवाजात. तो म्हणाला, "ते लोक शेत खोदून ठेवतील सर, पेरणी तोंडावर आहे." दुकानदाराने किलोचा भाव सांगितला. मी घाईघाईने अकरा नाणी निवडली, चांगल्यात चांगली, नावे पुरी असलेली, आणि महिन्याच्या नियमाच्या चौपट पैसे देऊन उठलो. बाकीची गेली. दुकानदार पुढच्या आठवड्यात म्हणाला, दोन चिकटलेले गठ्ठे सुटत नव्हते, तांब्यात गेले.

माझ्या संग्रहातली सर्वांत सुरेख तांब्याची नाणी हीच अकरा आहेत. कलीमुल्लाहची सहा, त्याच्या बापाची, महमूद शाहची, चार, आणि एक अजून न लागलेले. अवस्था उत्तम, भाव स्वस्त, मिळायला कठीण. तिन्ही बाजूंनी फायद्याचा सौदा. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर मी वजन, टांकसाळ, साल आणि कुठे मिळाले ते लिहितो. या अकरा पाकिटांवर 'गाव' च्या पुढे रेघ आहे. त्या माणसाला मी गावाचे नाव विचारले नाही. अक्षरे वाचण्यात गुंतलो होतो. नंतर दुकानदाराला दोनदा विचारले, त्याला आठवत नाही. एवढेच सांगतो, की ट्रॅक्टर अक्कलकोट रस्त्याकडून आला होता.